दांड्याचा मेगर, चार्जिंगचा मेगर

विजेची तार, मोटार किंवा घरातले वायरिंग तपासणाऱ्या उपकरणाला स्वतःला वीज कोठून मिळते, हा प्रश्न विद्युतीकरणाच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. धरणे, वीजगृहे, वाहिन्यांची लांबी आणि दिवे लागलेल्या गावांची संख्या यांची नोंद होते. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय होते आणि ते ऐनवेळी चालत होते की नाही, याची होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, त्यातही देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या किनारी तालुक्यांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, खारा वारा, जांभ्याचे सडे आणि वर्षाचा बराच काळ कुलूपबंद राहणारी घरे यांमुळे येथे तपासणीची गरज जेवढी मोठी आहे, तेवढेच तपासणीच्या उपकरणांचे हालही मोठे आहेत.

या उपकरणांतील सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित म्हणजे मेगर. तारेवरचे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण वीज किती रोखून धरते, म्हणजेच विद्युतरोधन किती शाबूत आहे, हे मोजण्याचे सुटसुटीत साधन इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये तयार केले आणि १९०३ मध्ये 'मेगर' हे व्यापारी नाव नोंदवले गेले; पुढे कोणत्याही कंपनीच्या अशा उपकरणाला कोकणातील वायरमन मेगरच म्हणू लागला. लाकडी किंवा बेकेलाइटच्या पेटीच्या कडेला घडी होणारा दांडा असे, तो फिरवला की आतले छोटे जनित्र बहुधा ५०० व्होल्टचा एकदिश दाब निर्माण करी आणि दोन कॉइलांवर तोललेला काटा दाब व प्रवाह यांच्या गुणोत्तरावर स्थिरावे, त्यामुळे फिरवणाऱ्याचा हात थोडा मंदावला तरी आकडा फारसा ढळत नसे. काट्याला परत ओढणारी स्प्रिंगच नसल्याने उपकरण ठेवून दिल्यावर तो कोठेही विसावलेला असे, आणि नवशिक्याला हे बिघाडाचे लक्षण वाटे. या रचनेचा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण वेगळाच आहे: दोन कामांच्या मधल्या काळात हे उपकरण आपल्या मालकाकडे काहीही मागत नव्हते. कपाटात सहा महिने पडलेला मेगर बाहेर काढावा, धूळ पुसावी आणि दांडा फिरवावा, एवढीच त्याची देखभाल होती.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली, तेव्हा आजचा सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. या दोन दशकांत आणि त्यानंतरही वाडीवस्तीवर वीज पोहोचत गेली तसा मेगर कायद्याच्या बळावर गावोगाव पोहोचला. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनुसार नवी जोडणी देण्यापूर्वी वायरिंगची गळती तपासणे बंधनकारक होते, आणि कमी व मध्यम दाबाच्या जोडणीत प्रत्येक जिवंत तार व जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्ट दाब एक मिनिट लावल्यावर रोध किमान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, असावा लागे. परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला 'टेस्ट रिपोर्ट' जोडल्याशिवाय मीटरचा अर्ज पुढे सरकत नसे. त्यातले काही अहवाल दांड्याला हातही न लावता भरले गेले, हे या धंद्यातले उघड गुपित आहे; तरीही अर्जासोबतच्या त्या एका कागदाने मेगर हे तालुक्याच्या गावातील वायरिंग ठेकेदाराचे आवश्यक हत्यार बनवले, यात शंका नाही.

दुसरी मोठी गरज अर्थिंगची, म्हणजे बिघाडाच्या वेळी वीज जमिनीत उतरवून देणाऱ्या जोडणीची. या बाबतीत मालवणचा किनारा एकाच तालुक्यात दोन टोके दाखवतो. देवबागसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर थोडे खणले की ओल लागते; खारट ओलीमुळे जमिनीचा रोध कमी भरतो, पण तीच ओल गाडलेली लोखंडी नळी काही वर्षांत खाऊन टाकते. वरच्या जांभ्याच्या सड्यावर नेमके उलटे घडते: नळी टिकते, पण पावसाळ्यात पाणी पिणारा जांभा एप्रिल-मे महिन्यांत इतका कोरडा होतो, की कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यातही रोधाचा आकडा सहज खाली येत नाही. अर्थिंगची परीक्षा म्हणूनच कडक उन्हाळ्यात घ्यावी लागते. श्रावणात घेतलेले वाचन खोटा दिलासा देते. जमिनीत ठरावीक अंतरावर सळ्या रोवून, त्यांतून प्रवाह सोडून रोध मोजण्याच्या फ्रँक वेनर यांच्या १९१५ च्या पद्धतीवर चालणारे अर्थ टेस्टरही सुरुवातीला दांड्याचेच होते, आणि सड्यावर भर उन्हात एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने सळ्या हलवायच्या, असे ते दोन माणसांचे काम होते.

दांड्याची मर्यादा उघडी पडली ती मोटारींपाशी. बंदरांलगतच्या बर्फाच्या कारखान्यांतील आणि बागायतीच्या पंपांच्या मोटारी दमट हवेत ओल धरतात, आणि ओल नेमकी किती मुरली आहे हे एका मिनिटाच्या चाचणीतून पुरते कळत नाही. त्यासाठी दहाव्या मिनिटाच्या वाचनाला पहिल्या मिनिटाच्या वाचनाने भागून एक निर्देशांक काढतात: निरोगी वेटोळ्यात तो दोनच्या वर जातो आणि ओल्या वेटोळ्यात एकच्या जवळ घुटमळतो. स्थिर दाबासाठी दांडा मिनिटाला सुमारे १६० वेळा फिरवावा लागतो. म्हणजे एका मोटारीच्या या एकाच चाचणीला सोळाशे फेरे होतात. रिवाइंडिंगच्या दुकानात हे रोज कोण करणार? दाब निर्माण करण्याचे काम हातावरून काढून बॅटरीवर सोपवण्याची निकड अशा ठिकाणी होती.

बॅटरीवरच्या पहिल्या उपकरणांत साधे, एकदाच वापरायचे सेल असत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये आलेल्या ॲव्हो मीटरमध्ये रोध मोजण्यापुरते सेल होते, आणि पुढे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर महाराष्ट्रातील कार्यशाळांमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांचीही गरज तेवढीच माफक होती. ट्रान्झिस्टर आल्यावर सहा-आठ सेलांच्या ९ ते १२ व्होल्टमधून ५०० किंवा १००० व्होल्ट तयार करणे शक्य झाले, आणि दांडा नसलेला, बटण दाबले की चालणारा मेगर बाजारात आला. दमट किनाऱ्यावर या सेलांनी एक वेगळाच त्रास दिला. पावसाळ्यात उपकरणातच विसरलेले सेल पाझरत, त्यांतला क्षार पितळी पट्ट्या आणि स्प्रिंगा खाई, आणि गणपतीच्या तोंडावर पेटी उघडली की आत हिरवट-पांढरा थर सापडे. 'काम झाले की सेल काढून ठेवा' ही या उपकरणांच्या देखभालीची पहिली शिस्त, आणि ती या हवेतच शिकली गेली.

सेल वारंवार विकत घेण्याचा खर्च टाळण्यासाठी पुनर्भारित होणाऱ्या, म्हणजे चार्ज करता येणाऱ्या बॅटऱ्या उपकरणांत बसवल्या गेल्या, आणि येथून या इतिहासाला गुंतागुंत येते. निकेल-कॅडमियम बॅटरीची मूळ कल्पना स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांची, १८९९ मधली. पण वायू आतल्या आत जिरवणारी बंद बॅटरी १९४७ नंतरच साध्य झाली आणि हातातल्या उपकरणांत ती त्यानंतर कित्येक वर्षांनी रुळली. तिचा चार्जर साधा होता. बॅटरीच्या क्षमतेच्या एकदशांश प्रवाह चौदा ते सोळा तास द्यायचा, एवढीच त्याची रीत होती. या सोळा तासांनी कोकणात अडचण केली. वाहिनीच्या टोकावरच्या वाडीत संध्याकाळी दाब इतका खाली येई, की साध्या ट्रान्स्फॉर्मरचा चार्जर दिवा दाखवी पण बॅटरी भरत नसे. आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन ऐन भरात असताना रात्रभराचे चार्जिंग सलग मिळणे हा नशिबाचा भाग झाला. अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन माणूस सकाळी कामावर निघे आणि दुसऱ्याच घरी उपकरण मान टाकी.

अशा अनुभवातून निकेल-कॅडमियमविषयी एक नियम तोंडोतोंडी पसरला: बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, नाहीतर तिला 'सवय' लागते. या समजुतीला आधार होता. उपग्रहांमध्ये दर फेरीला अगदी सारख्याच प्रमाणात रिकाम्या होणाऱ्या आणि भरल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत खरोखर असा परिणाम दिसला होता. पण वायरमनच्या पिशवीतील उपकरण कधीच इतक्या नियमाने वापरले जात नाही, आणि त्याच्या बॅटरीची ताकद घटते ती बहुधा दिवसेंदिवस चार्जरवर तशीच लावून ठेवल्याने. त्याहून मोठी हानी नियम पाळणाऱ्यांकडून झाली. एका पॅकमध्ये १.२ व्होल्टचे सहा-सात घट एकामागून एक जोडलेले असतात. पॅक पार उतरवायला गेले की सर्वांत अशक्त घट आधी रिकामा होतो आणि उरलेले घट त्यातून उलट दिशेने प्रवाह ढकलतात, त्यामुळे त्याची ध्रुवता पालटते आणि तो कायमचा निकामी होतो. प्रत्येक घट एक व्होल्टपर्यंत उतरला की थांबणे हा खरा नियम होता. 'पूर्ण उतरवा' हा त्याचा किनाऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता झालेला अपभ्रंश होता.

दरम्यान जड उपकरणांत, विशेषतः ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या केबली व ट्रान्स्फॉर्मर तपासणाऱ्या ५००० व्होल्टच्या मेगरमध्ये, बंद शिसे-आम्ल बॅटरी आली. शिसे-आम्ल बॅटरी या किनाऱ्याला नवी नव्हती. एसटीच्या आगारांत, मच्छीमारांच्या यांत्रिक होड्यांवर आणि दूरध्वनी केंद्रांत ती वर्षानुवर्षे होती, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विजतंत्रीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना ती शिकवलीही जात होती: झाकण उघडावे, हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहावी, पातळी खाली गेली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावे, घनता १.२४ ते १.२८ च्या दरम्यान स्थिरावली की बॅटरी भरली असे समजावे. ही विद्या डोळ्यांची आणि हाताची होती. उपकरणातली बॅटरी मात्र सीलबंद. तिला झाकण नाही, आत पाहण्याची सोय नाही, आणि दोन टोकांवरच्या व्होल्टखेरीज तिच्या प्रकृतीचे लक्षण नाही. ज्या धंद्याला बॅटरीची सर्वांत चांगली जाण होती, त्याच धंद्याला या डब्यासमोर नवशिक्यासारखे उभे राहावे लागले, आणि हा या सगळ्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हटला पाहिजे.

त्यात निकेल-कॅडमियमचा नियम शिसे-आम्लाला लावला गेला, आणि तो तिच्यासाठी घातक ठरला. उतरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक तयार होतात. ती लगेच भरली तर ते विरघळतात, पण तशीच पडून राहिली तर ते कडक होऊन पट्टी झाकून टाकतात, ज्याला धंद्यात 'सल्फेशन' म्हणतात. १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली असते, आणि १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी असते. म्हणजे सुदृढता आणि संकट यांच्यामध्ये एका व्होल्टचेही अंतर नसते. शिवाय न वापरताही ती महिन्याला काही टक्के उतरते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात उन्हाळा काढणाऱ्या उपकरणाला ही गणिते चांगलीच लागू पडतात.

येथे किनाऱ्याचे कामाचे वर्ष लक्षात घ्यावे लागते. तपासणीचा पहिला हंगाम एप्रिल-मेचा: मृग लागण्यापूर्वी फांद्या तोडणे, चिनी मातीचे इन्सुलेटर पाहणे, अर्थिंगचे खड्डे भिजवणे आणि मोजणे, अशी पावसाळापूर्व कामे एकदम येतात. दुसरा हंगाम गणेशचतुर्थीच्या आधीचा. मुंबईचे चाकरमानी घर उघडण्यापूर्वी किंवा उघडल्याबरोबर वायरमनला बोलावतात, कारण तीन महिन्यांच्या ओलीत स्विचबोर्डांत मुंग्या, बुरशी आणि क्षार साचलेले असतात, आणि गळतीवर आपोआप पुरवठा तोडणारा स्विच बसवलेला असेल तर तो चालू स्थितीत टिकतच नाही. ३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यानंतर तारकर्ली-देवबाग भागात निवासाची ठिकाणे वाढत गेली आणि दिवाळी व नाताळापूर्वीची कामे त्यात मिसळली. महावितरणच्या कर्मचाऱ्याला पावसाळाभर उसंत नसते हे खरे, पण खाजगी ठेकेदाराचे महागडे उपकरण दोन हंगामांच्या मधले महिने स्वस्थ पडून असते. दांड्याच्या मेगरला या स्वस्थतेचे काहीच वाटत नव्हते. चार्जिंगच्या मेगरचे आयुष्य मात्र याच महिन्यांत ठरते, कारण बॅटरी कामाने जितकी झिजते त्यापेक्षा जास्त ती पडून राहून मरते. उपकरणाची काळजी म्हणजे वापरतानाची काळजी, ही पिढ्यांची समजूत यामुळे मोडीत निघाली, आणि ती मोडायला एक पिढी लागली.

मरू घातलेली बॅटरी नुसती काम थांबवत नाही, ती आकडेही बिघडवते. बॅटरीचा दाब खचला आणि उपकरणाने चाचणी रोखली नाही, तर ५०० व्होल्टऐवजी कमी दाब तारेवर जातो, आणि कमी दाबापुढे कमकुवत आवरणही तग धरते. म्हणजे सदोष वायरिंग उत्तीर्ण होते. जुन्या धाटणीच्या अंकीय मल्टिमीटरमध्ये बॅटरी उतरली की संदर्भदाब खाली येतो आणि वाचन वाढीव दिसू लागते. यासाठीच पडद्यावर बॅटरीचे चिन्ह उमटवण्याची सोय आली. पण तिनेही एक गोंधळ केला. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलच्या जागी तशाच आकाराचा चार्जिंगचा सेल घातला, तर त्यात १.२ व्होल्टचे सहाच घट असल्यास त्याचा नाममात्र दाब ७.२ व्होल्टच असतो, आणि सेलमध्ये भार शिल्लक असतानाच उपकरण बॅटरी संपल्याचे सांगते. असे कित्येक निर्दोष सेल 'डुप्लिकेट' म्हणून दुकानदाराला परत केले गेले असतील.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीने १९९० च्या दशकात कॅडमियमचे विष टाळले, पण ती पडून राहिल्यावर आणखी वेगाने उतरत असे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने वर्षभर बराचसा भार टिकवणारा प्रकार आणल्यावर हे दुखणे आटोक्यात आले. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी यथावकाश मेगरमध्येही पोहोचली आणि तिने नियम तिसऱ्यांदा उलटा केला: ती पार उतरवायची नाही आणि बराच काळ ठेवायची असेल तर पूर्ण भरूनही ठेवायची नाही, निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवावी. एकाच ठेकेदाराच्या कपाटात तीन प्रकारच्या बॅटऱ्यांची तीन उपकरणे असतील, तर एकाला उपकारक ठरणारी वागणूक दुसऱ्याला मारते. सुदैवाने चार्जरही तोवर बदलला होता; ९० ते २६४ व्होल्ट यांमध्ये कोठेही चालणाऱ्या नव्या चार्जरने वाडीतल्या खचलेल्या दाबाची जुनी अडचण जवळजवळ संपवली.

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी या किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हा खांब आणि तारा मोठ्या प्रमाणावर कोसळल्या आणि अनेक गावांचा पुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. वादळ पावसाळापूर्व कामांच्या हंगामातच आले, म्हणजे उपकरणे वापरात असण्याच्या दिवसांत. पण दुरुस्ती लांबत जाते तेव्हा पहिल्या भाराची पुण्याई दोन-तीन दिवसांत सरते, आणि जी वाहिनी सुरू करण्यासाठी चाचणी हवी, तिच्याच विजेवर चाचणीचे उपकरण भरायचे असते. अशा वेळी जनित्र, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि दांड्याचा मेगर एवढेच मार्ग उरतात. नव्या जमान्यात दांड्याचे मेगर अजून बनतात आणि विकले जातात, याला मागासलेपणा म्हणण्याचे कारण नाही. ज्या किनाऱ्यावर वीज जाण्याची वेळ आणि तपासणीची वेळ एकच असते, तेथे ते शहाणपणाचे आहे.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तेव्हा गाड्या डिझेलवर होत्या. विद्युतीकरण पुरे होऊन २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले, आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या स्थानकांवरून २५ किलोव्होल्टची तार गेली. जांभ्यातील अर्थिंग आणि खाऱ्या दमट हवेतील इन्सुलेटर या जुन्याच प्रश्नांना त्यामुळे नवे, अधिक मोठ्या दाबाचे गिऱ्हाईक मिळाले आहे.

राहता राहिला मेलेल्या बॅटऱ्यांचा प्रश्न. शिसे-आम्ल बॅटरीला भंगारात भाव असतो, आणि २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली होती, म्हणून ती बहुतेक वेळा परत जाते. निकेल-कॅडमियमच्या लहान पॅकला गावच्या भंगारवाल्याकडे किंमत नाही, त्यातले कॅडमियम मात्र विहिरीच्या पाण्याला आणि खाडीतल्या कालवांना परवडणारे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आपल्या कक्षेत घेतल्या आणि त्या गोळा करण्याचे उत्तरदायित्व उत्पादकांवर ठेवले; हे नियम येण्यापूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांत निकामी झालेले लहान पॅक उपकरणांसकट दुकानांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि ते बनवणाऱ्या काही कंपन्या आज राहिलेल्याही नाहीत.